अतिकोमल गंधार लिहायचा कसा?

पाश्चात्त्य स्वरलेखनात एखादा स्वर अर्ध्या पायरीने उतरवायचा असला की त्याच्या आधी इंग्रजीतल्या छोट्या ‘बी’सारखे दिसणारे चिन्ह काढतात. त्याला फ्लॅट म्हणतात. हेच चिन्ह डावीकडे तोंड करून काढले, तर त्याचा अर्थ वाचणारा कोणत्या परंपरेत वाढला आहे त्यावर ठरतो. युरोपातल्या अनेक आधुनिक रचनाकारांच्या कागदावर उलटा फ्लॅट म्हणजे पावस्वर खाली, अर्थात 50 सेंट. इस्तंबूलच्या वादकापुढे तोच कागद ठेवला तर तो स्वर एक ‘कोमा’ उतरवेल, म्हणजे जेमतेम 23 सेंट. सरळ फ्लॅटच्या दांडीवर तिरकी रेघ मारली तर कैरोचा ऊदवादक 50 सेंट खाली येईल आणि तुर्की वादक चार कोमा, म्हणजे जवळजवळ 90 सेंट.

सप्तकाचे 1200 समान भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये असे 100 सेंट असतात. हे माप अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने 1885 मध्ये वेगवेगळ्या देशांच्या स्वरसप्तकांवरील निबंधातून रूढ केले. मोजायला माप मिळाले, पण लिहायचे कसे हा प्रश्न तेव्हापासून आजवर जगभरचे संगीतकार आपापल्या परीने सोडवत आहेत. तुर्कस्तान, इराण, अरब देश, युरोप, अमेरिका या सगळ्यांकडे त्यासाठी कमी-अधिक रुळलेली चिन्हे आहेत. ज्या परंपरेत एका गंधाराच्या चढ-उतारावरून राग ओळखला जातो, त्या हिंदुस्तानी संगीताच्या सर्वमान्य स्वरलिपीत मात्र ‘थोडा चढा’ किंवा ‘थोडा उतरा’ सांगणारे एकही चिन्ह नाही. दरबारी कानड्याचा गंधार आणि भीमपलासीचा गंधार कागदावर सारखेच उमटतात: ‘ग’ आणि त्याच्या खाली एक आडवी रेघ. ही उणीव भरून काढण्याची वेळ आली आहे. ती कशी भरू नये याचे धडेही इतरांच्या अनुभवात आहेत.

आधी फरक नेमका केवढा असतो ते पाहू. षड्ज सेकंदाला 240 कंपनांवर धरला आहे असे समजा; संगीतशास्त्राच्या आपल्या पुस्तकांत हाच आकडा बहुधा असतो. तंबोरा नीट जुळला, जवारी खुलली की षड्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनांच्या पाचपट कंपनांचा हा उपस्वर असतो. मध्य षड्ज 240 धरला तर त्याचा हा उपस्वर 1200 कंपनांचा. दोन सप्तके खाली आणला की 300. हार्मोनियमवरचा गंधार मात्र 302.4 कंपनांचा असतो. फरक अवघा 14 सेंटचा, पण त्या गंधाराचा चौथा उपस्वर 1209.5 वर जातो आणि तंबोऱ्याच्या 1200 शी त्याची टक्कर होते. सेकंदाला साडेनऊ विस्पंद. हार्मोनियम आणि तंबोरा एकत्र वाजताना गंधारावर जी थरथर जाणवते ती हीच. तिसरा गंधारही आहे. षड्जापासून पंचम, त्या पंचमापासून रिषभ, रिषभापासून धैवत आणि धैवतापासून गंधार, अशी शुद्ध पंचमांची साखळी जुळवत गेले की सप्तके आवरून 303.75 वर पोहोचतो. म्हणजे 300, 302.4 आणि 303.75 असे तीन गंधार झाले, आणि तिन्ही ‘ग’च लिहिले जातात.

पहिल्या आणि तिसऱ्या गंधारातले अंतर 81 ला 80 या प्रमाणाचे, म्हणजे साडेएकवीस सेंटचे आहे. धैवताच्या बाबतीतही हेच घडते. 240 च्या षड्जाशी गोड लागणारा धैवत 400 कंपनांचा. पण 270 च्या रिषभाशी षड्ज-पंचम भाव साधणारा धैवत 405 वर लागतो. 405 ला 400 ने भागले तर तेच 81 ला 80. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामाचा पंचम एका श्रुतीने उतरवला की मध्यमग्राम होतो असे सांगितले आहे आणि दोन वीणांवर तो फरक ऐकवण्याची रीतही दिली आहे. त्या प्रमाणश्रुतीचे माप आधुनिक काळातल्या अनेक अभ्यासकांनी हेच मानले. या एका अंतरासाठी चिन्ह शोधण्यात गेल्या शतकातल्या कितीतरी बुद्धिमान माणसांची हयात गेली.

त्यातले एक नाव अमेरिकन रचनाकार बेन जॉन्स्टन यांचे. 1926 मध्ये जन्मलेले जॉन्स्टन तरुणपणी हॅरी पार्च यांच्याकडे शिकले. पार्च यांनी सप्तकात 43 स्वर मानले आणि ते वाजवण्यासाठी स्वतःची वाद्ये घडवली. जॉन्स्टन यांनी नवी वाद्ये न करता नेहमीच्या व्हायोलिन-चेलो वाजवणाऱ्यांनाच शुद्ध प्रमाणांचे स्वर लिहून द्यायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी चिन्हे योजली: 81 ला 80 ने चढवायचे तर अधिकचे चिन्ह, उतरवायचे तर उण्याचे. सातव्या उपस्वरासाठी सातचा आकडा, अकराव्यासाठी वर-खाली बाण. त्यांच्या पद्धतीत 400 कंपनांचा धैवत साधा लिहायचा आणि 405 चा धैवत अधिकच्या चिन्हासह. त्यांच्या दहा स्ट्रिंग क्वार्टेटपैकी या चिन्हांत लिहिलेल्या वाजवायला भल्याभल्यांना जड जात. केप्लर क्वार्टेट या चौघांच्या संचाने दहाही रचना ध्वनिमुद्रित करण्याचे काम 2016 मध्ये पुरे केले, तेव्हा जॉन्स्टन नव्वदीला पोहोचले होते. अवघड सातवी क्वार्टेट, जिच्या एका भागात हजाराहून अधिक वेगवेगळे स्वर येतात, ती रचल्यावर तीसेक वर्षांनी नीट ऐकायला मिळाली.

बर्लिनमध्ये मार्क सबात आणि वोल्फगांग फोन श्वाइनित्झ यांनी याच शतकाच्या आरंभी दुसरी पद्धत मांडली. हेल्महोल्ट्झ आणि एलिस यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात नेहमीच्याच शार्प-फ्लॅट चिन्हांना बाणाचे टोक जोडतात. या पद्धतीचा पाया शुद्ध पंचमांची साखळी, त्यामुळे इथे हिशेब उलटा होतो: 405 चा धैवत साधा लिहायचा आणि 400 च्या धैवताला खालचा बाण द्यायचा. म्हणजे तोच स्वर, तोच गणिती फरक, पण एका पद्धतीत जो स्वर ‘मूळचा’ मानला तो दुसरीत ‘सुधारलेला’ ठरतो. चिन्हाची बाब दुय्यम आहे. अंतर कुठून मोजायचे हे आधी ठरवावे लागते.

याहून मोठा प्रयत्न जॉर्ज सिकोर आणि डेव्हिड कीनन या दोघांचा. एक अमेरिकेत, दुसरा ऑस्ट्रेलियात. 2001 च्या सुमारास सुरू झालेल्या त्यांच्या कामातून ‘सॅजिटल’ नावाची चिन्हव्यवस्था उभी राहिली. तिच्या मुळाशी बाण आहे, पण बाणाचे पान डावीकडचे की उजवीकडचे, सरळ की वळणदार, यावरून अंतर बदलते. डावे सरळ पान म्हणजे 81 ला 80 चा कोमा. उजवे वळणदार पान म्हणजे 64 ला 63, साधारण 27 सेंट. दोन्हीकडे सरळ पाने म्हणजे अकराव्या उपस्वरासाठी लागणारे 33 ला 32, सुमारे 53 सेंट. डाव्या पानाचे 21.5 आणि उजव्या सरळ पानाचे 31.8 मिळवा, बेरीज तीच येते. चिन्हाची आकृतीच आपले गणित दाखवते, हे तिचे खरे सौंदर्य आहे.

ही चिन्हे आता संगणकावरही सुखाने नांदतात. स्टाइनबर्ग कंपनीतल्या डॅनियल स्प्रेडबरी यांनी 2013 मध्ये संगीतचिन्हांच्या फॉन्टसाठी एक सामायिक मांडणी पुढे आणली. सॅजिटल, जॉन्स्टन, हेल्महोल्ट्झ-एलिस, तुर्की, अरबी आणि इराणी चिन्हांना तिच्यात आपापली जागा मिळाली. इराणच्या ‘कोरोन’ आणि ‘सोरी’ या दोन चिन्हांना 2021 मध्ये युनिकोडमध्येही स्थान मिळाले.

तुर्कस्तानच्या अनुभवात मात्र इशारा आहे, आणि हिंदुस्तानी संगीताच्या लोकांनी तो लक्षपूर्वक ऐकायला हवा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रऊफ येक्ता यांच्या कामावर उभे राहून सुप्ही एझ्गी, हुसेयिन सादेत्तिन आरेल आणि सालिह मुरात उझदिलेक यांनी मकाम (म्हणजे तिकडचे राग) संगीतासाठी लेखनपद्धती बसवली. पूर्ण स्वराचे नऊ कोमा, सप्तकाचे 53. त्यातून 24 जागा निवडल्या आणि एक, चार, पाच, आठ कोम्यांसाठी वेगवेगळे शार्प-फ्लॅट ठरवले. पद्धत नेटकी होती. ती शाळा-महाविद्यालयांत गेली, छापील पुस्तकांत गेली आणि तीच प्रमाण झाली.

अडचण उश्शाक मकामात उघड होते. या मकामाचा दुसरा स्वर पद्धतीप्रमाणे एक कोमा उतरलेला लिहितात. गायक-वादक तो त्याहून स्पष्ट खाली लावतात, विशेषतः अवरोहात. दोन कोमा, अडीच, कधी तीन. पण अशा जागेसाठी ठरलेल्या चोवीस जागांत घर नाही. कागदावर एक कोमा, गळ्यात अडीच. ज्याने उस्तादाकडून ऐकले आहे तो कागदाकडे दुर्लक्ष करून बरोबर गातो. ज्याने फक्त कागद वाचला तो चुकीचे गातो आणि त्याच्याकडे छापील पुरावाही असतो. तुर्की लोकसंगीताचे लेखन करणाऱ्यांनी यावर साधा तोडगा काढला. फ्लॅटच्या माथ्यावर बारीक आकडा लिहायचा: 2 किंवा 3. शास्त्राच्या चौकटीत ते बसत नाही, पण गळ्याशी अधिक प्रामाणिक आहे. कानून या वाद्याच्या कारागिरांनीही आपली वाट काढली. तारेखाली बसवलेल्या ‘मंदाल’ नावाच्या छोट्या धातूच्या खटक्यांनी तारेची लांबी बदलते. अनेक कारागीर अर्ध्या स्वराचे सहा समान भाग करून हे खटके बसवतात. लिपीचे गणित 53 भागांचे आणि वाद्याचे 72 भागांचे, असा हा संसार चालला आहे. ओझान यारमान यांनी तर 79 भागांचा कानून करवून घेऊन त्यावर प्रबंध लिहिला.

इराणमध्ये वेगळे घडले. अली-नकी वझीरी युरोपात शिकून 1920 च्या दशकात तेहरानला परतले, संगीतशाळा काढली आणि दोन चिन्हे रूढ केली: कोरोन म्हणजे थोडे खाली, सोरी म्हणजे थोडे वर. वझीरी यांचा स्वतःचा सिद्धान्त सप्तकाच्या 24 समान पावस्वरांचा होता. तो पुढे टिकला नाही. होर्मोझ फरहात यांनी इराणी वाद्यांवरचे स्वर मोजून दाखवले की तिथली मधली अंतरे 135 आणि 160 सेंटच्या आसपास येतात आणि तीही लवचिक असतात. समान पावस्वरांच्या मापात ती बसत नाहीत. सिद्धान्त गेला, पण चिन्हे राहिली, कारण वादकांनी त्यांचा अर्थ आपसूक सैल करून घेतला. आजचा तारवादक कोरोन पाहतो तेव्हा पन्नास सेंट मोजत बसत नाही. वाजवत असलेल्या दस्तगाहात, म्हणजे तिथल्या रागात, तो स्वर जिथे राहतो, तिथे आपला पडदा आहे ना, एवढे पाहतो. तार आणि सेतार यांचे पडदे आतड्याचे, दांडीवर बांधलेले आणि सरकवता येणारे असतात. चिन्हाने दिशा दाखवायची आणि जागा परंपरेने ठरवायची, अशी ही कामाची वाटणी आहे.

अरब जगात हा वाद थेट परिषदेत रंगला. 1932 मध्ये कैरोत राजा फुआद यांच्या आश्रयाखाली अरबी संगीताची परिषद भरली. बार्टोक, हिंडेमिट आणि पावस्वरांत रचना करणारे चेक संगीतकार आलोइस हाबा तिला हजर होते. सप्तकाचे 24 समान भाग मानायचे की नाही, यावर तिथे बरीच वादावादी झाली आणि एकमत झाले नाही. तरी अर्धा फ्लॅट आणि अर्धा शार्प ही चिन्हे तिथेही चालू राहिली, इराणसारखीच, सैल अर्थाने.

महाराष्ट्रातही हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पेटला होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये पुण्याहून हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावर इंग्रजी पुस्तक काढले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे गाणे त्यांच्या विचारामागे होते. आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले. त्यांचे भारतीय संगीतावरचे पुस्तक 1913 मध्ये निघाले. फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली, श्रुतींची हार्मोनियम बनली. 1916 मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा श्रुतींवर जोरदार चर्चा झाली, आणि तिथेही एकमत झाले नाही. परिषदेचे सूत्रधार होते विष्णु नारायण भातखंडे. बावीस श्रुतींच्या नेमक्या मापांवर राग उभे करण्याचा प्रकल्प त्यांना पटणारा नव्हता. त्यांनी व्यवहारासाठी बारा स्वर घेतले, दहा थाट मांडले आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या.

भातखंड्यांची लिपी तिच्या साधेपणामुळे जिंकली. कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ, मंद्रला खाली टिंब, तारला वर टिंब. एका मात्रेतले स्वर जोडायला खाली कंस, मींडेला वर कमान, कणस्वर लहान अक्षरात माथ्यावर. विष्णु दिगंबर पलुस्करांची लिपी वेगळी होती. तिच्यात कोमलला हलन्त आणि वरचे टिंब मंद्र सप्तकाचे. एकाच टिंबाचे दोन पद्धतींत उलट अर्थ! पुढे भातखंडे पद्धत बहुतेक ठिकाणी रुळली. घराण्यांच्या पोटात दडलेल्या बंदिशी सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आल्या त्या या लिपीमुळे, आणि हे ऋण कधी फिटणारे नाही.

पण बारा स्वर ही भातखंड्यांनी व्यवहारासाठी केलेली तडजोड होती आणि कालांतराने तिला वास्तवाचा दर्जा मिळाला. आजचा परीक्षार्थी तोडी, भैरव आणि मारवा या तिन्हींच्या रिषभाखाली एकच रेघ पाहतो. तोडीचा रिषभ अतिकोमल, भैरवाचा आंदोलित, मारव्याचा त्या मानाने चढा, हे त्याला गुरूकडून कळले तर कळते. हाती हार्मोनियम असेल तर तिन्ही रागांत एकच पट्टी दाबली जाते आणि डोळे, बोटे, कान तिन्ही एकाच चुकीवर शिक्कामोर्तब करतात. खेड्यापाड्यांतून परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना रोजची तालीम मिळत नाही. त्यांच्या हातात पुस्तक असते, फोनवर स्वरमंडळ किंवा तंबोऱ्याचे ॲप असते आणि आठवड्यातून एखादा वर्ग असतो. पुस्तकात एवढी खूण असती तर निदान ‘इथे काहीतरी वेगळे आहे, गुरुजींना विचार’ एवढे तरी ते पान त्यांना म्हणाले असते.

यावर जुने उत्तर तयार असते: ही गुरुमुखी विद्या आहे, श्रुती कागदावर येत नाहीत. पहिला भाग खरा आहे. दुसऱ्याचा उपयोग अनेकदा प्रयत्न टाळण्यासाठी होतो. मींड तरी कागदावर कुठे पूर्ण येते? तरी भातखंड्यांनी तिला कमान दिलीच आणि त्या कमानीमुळे कोणाची मींड बिघडली नाही. कमान सांगते की इथे घसरत जायचे आहे; कसे जायचे ते गुरू सांगतो.

दुसरे उत्तर याच्या अगदी विरुद्ध टोकाचे: बावीस श्रुती, बावीस चिन्हे, प्रत्येकीचे माप कायम. देवल-क्लेमंट्स यांच्यापासून डॉ. विद्याधर ओक यांच्या बावीस श्रुतींच्या हार्मोनियमपर्यंत या दिशेने निष्ठेने काम झाले आहे आणि त्याने कान तीक्ष्ण व्हायला मदतच झाली. लिपीसाठी मात्र ही वाट चुकीची ठरेल. नझीर जैरझभॉय आणि स्टोन यांनी 1963 मध्ये प्रत्यक्ष सादरीकरणातले स्वर मोजले. पुढे मार्क लेवी यांनी 1982 मध्ये आणि मुंबईच्या एनसीपीएमध्ये विम व्हान डर मेर आणि सुवर्णलता राव यांनी स्वरालेखाच्या, म्हणजे स्वराच्या चढ-उताराच्या आलेखाच्या, साहाय्याने ते तपासले. कलावंताचा एकच स्वर एकाच रागात संदर्भाप्रमाणे हलतो, बावीस ठरावीक खुंट्यांवर तो टांगलेला नसतो, असेच या मोजमापांतून दिसत आले. दरबारीचा गंधार तर स्थिर स्वर म्हणून उभाच राहत नाही. तो झुलतो आणि त्या झुलण्यातच त्याची ओळख आहे. त्याला 294 सेंटचे चिन्ह देणे म्हणजे उश्शाकच्या एका कोम्याची चूक मराठीत पुन्हा करणे.

या दोन टोकांमधली वाट अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगर यांनी 1958 मध्ये स्पष्ट केलेल्या एका भेदातून निघते. संगीत लिहिण्याचे दोन हेतू असतात. एक, पुढच्याने काय गावे-वाजवावे हे सांगणे. दुसरा, गायले गेले ते काय होते याची नोंद करणे. दोन्हींसाठी एकच लिपी वापरली की गोंधळ होतो. नोंदीच्या लिपीसाठी होर्नबोस्टेल आणि आब्राहाम यांनी 1909 च्या सुमारासच सुचवले होते की स्वराच्या माथ्यावर अधिक-उणेची खूण करावी: किंचित चढा, किंचित उतरा. बार्टोक यांनी 1940 च्या दशकाच्या आरंभी कोलंबिया विद्यापीठात युगोस्लाव्हियातल्या लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून लेखन केले, तेव्हा स्वरांवर बारीक बाण काढले. किती सेंट, ते लिहिले नाही. इतक्या काटेकोर माणसाने आकडा टाळला, कारण शेकडो गाणी ऐकल्यावर आकडा लिहिण्यातला खोटेपणा त्यांना जाणवला असावा.

हिंदुस्तानी स्वरलिपीला याच धर्तीवर तीन खुणा पुरतील. स्वराक्षरावर वरच्या दिशेचा छोटा बाण, म्हणजे नेहमीपेक्षा चढा. खालच्या दिशेचा बाण, म्हणजे उतरा. नागमोडी रेघ, म्हणजे आंदोलित. भातखंड्यांची सगळी चिन्हे जशीच्या तशी राहतील. कोमल गंधाराची रेघ खाली असेल आणि अतिकोमल असेल तेव्हा माथ्यावर खालचा बाण येईल. आकडा कुठेही नसेल.

‘नेहमीपेक्षा’ म्हणजे कशापेक्षा, हे मात्र पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहावेच लागेल. जॉन्स्टन आणि बर्लिनकरांचा उलटसुलट धैवत तेच शिकवतो. आपल्याकडे मोजायची जागा हार्मोनियमची पट्टी नसावी, तंबोरा असावा. शुद्ध गंधार म्हणजे स्वयंभू गंधार, रिषभ पंचमाच्या पंचमातून आलेला, धैवत षड्जाशी गोड लागणारा, 400 चा की 405 चा तेही सांगितलेले. कोमल स्वरांच्या जागाही अशाच संवादातून ठरवलेल्या. हे एक पान लिहायला तज्ज्ञांची एक बैठक लागेल, भांडणेही होतील. ती व्हावीत, कारण आज हे पान कोणत्याच क्रमिक पुस्तकात नसल्यामुळे विद्यार्थी मुकाट्याने हार्मोनियमचे सप्तक गृहीत धरतो.

नोंदीच्या लेखनात, म्हणजे एखाद्या थोर गायिकेच्या ध्वनिमुद्रणाचे अभ्यासपूर्ण लेखन करताना, बाणाच्या सोबतीला स्वरालेख छापावा किंवा ध्वनिमुद्रणाचा दुवा द्यावा. तिथे सेंटचे आकडे जरूर यावेत, कारण ते झालेल्या गोष्टीचे मोजमाप असेल, पुढच्यासाठी आज्ञा नसेल. विद्यापीठांचे संगीत विभाग, एनसीपीए आणि आकाशवाणी यांच्याकडे ध्वनिमुद्रणांचे भांडार आहे. त्यातल्या निवडक पन्नास मुद्रणांचे असे लेखन झाले तर बाणांची खूण कामाची आहे की नाही याची खरी परीक्षा होईल, आणि एकाच रागातला एक स्वर किराणा, ग्वाल्हेर, जयपूर या घराण्यांत कसा वेगळा लागतो हे पानावर शेजारी-शेजारी ठेवून पाहता येईल.

राहिला तांत्रिक भाग. आज कोमलची रेघ संगणकावर अधोरेखन करून दाखवतात. मजकूर एकीकडून दुसरीकडे चिकटवला, व्हॉट्सॲपवर पाठवला की रेघ गळून पडते आणि कोमल रिषभ शुद्ध होऊन समोरच्याकडे पोहोचतो. जाणकार लोक ऋग्वेदाच्या स्वरचिन्हांसाठी असलेली आडवी आणि उभी रेघ वापरून वेळ निभावतात. सामवेदाच्या गायनासाठी अक्षरांच्या माथ्यावर येणारे आकडे युनिकोडने 2009 मध्ये स्वीकारले. सामगायनाला जे मिळाले ते बंदिशींना मिळवून देणे अशक्य नाही. त्यासाठी चिन्हांचा प्रत्यक्ष वापर छापील पुस्तकांत दिसावा लागतो आणि कुणीतरी रीतसर प्रस्ताव करावा लागतो. इराणच्या दोन चिन्हांसाठी तो झाला.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना देशभरातून विद्यार्थी बसतात. मंडळाने पुढच्या अभ्यासक्रमात दरबारी, तोडी, भैरव, मारवा आणि भीमपलासी या पाच रागांच्या बंदिशी बाणांसह छापून पाहाव्यात. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत तंबोऱ्यावर एवढेच विचारावे: या गंधारावर खालचा बाण का आहे, आणि तो लावून दाखवता येईल का? अंमलबजावणीला नवी इमारत लागत नाही, नवे वाद्य लागत नाही. एक समिती, एक फॉन्ट आणि पुस्तकाची एक नवी आवृत्ती एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पाच वर्षांनी शिक्षकांचे अनुभव गोळा करून चिन्हे बदलायची तर बदलावीत, कमी करायची तर कमी करावीत.